गंगाधरबुवांचं पोट आणि यशोदाबाईंचे उपास

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका लहानशा देवळात गंगाधरबुवा मैंदर्गीकर पुराण सांगायचे. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की हळूहळू माणसं जमत. कचेरीतून सुटलेले दोनचार कारकून, दुकान भावावर सोपवून आलेला एखादा वाणी, आणि बाकी सगळ्या बायका. बुवा अंगाने किरकोळ, पण आवाज गोड. अर्थ सांगताना ते फाटे फोडत नसत. वेळेवर सुरू करायचे आणि इतर देवळांतल्या पुराणिकांपेक्षा लवकर संपवायचे. "आमचे बुवा फार आटोपशीर सांगतात," असं लोक कौतुकाने म्हणत.

ते आटोपशीर का सांगतात हे बुवांनाच ठाऊक होतं. त्यांना आसनावर फार वेळ बसवत नसे.

त्यांचं पोट बिघडलं एकोणीसशे चोवीसच्या उन्हाळ्यात. मैंदर्गीला, त्यांच्या गावी, भावकीतलं लग्न होतं. विहिरीला पाणी कमी, पंगती मोठ्या. परत आल्यावर लग्नाला गेलेल्या बऱ्याच जणांना ढाळ लागले आणि आठवडाभरात ते बरे झाले. बुवांचं मात्र राहिलं. पहाटे उठल्याबरोबर बेंबीभोवती पीळ पडायचा, परसाकडे जावं लागायचं, आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळं झालं असं वाटायचंच नाही. आव पडायची, कधी रक्त. मध्येच चारसहा दिवस असे जायचे की सगळं ठीक आहे. भूक लागायची, बुवा घरात गुणगुणायचे. मग एखाद्या सकाळी पुन्हा तोच पीळ. पुढे पुढे त्यांना या बऱ्या दिवसांचीच भीती वाटायला लागली. वाईट दिवसांत निदान काय होणार हे माहीत असायचं.

अशी नऊ वर्षं गेली.

ते राहायचे त्या घरात चार बिऱ्हाडं होती आणि मागच्या अंगणाच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक संडास. त्याच्या दाराची बिजागरी कुरकुरायची. चारही बिऱ्हाडांना ती कुरकुर ऐकू जायची, आणि बुवा किती वेळा गेले हे कुणी न मोजताही सगळ्यांना कळायचं. त्यात बुवांच्या घरी सोवळं कडक. त्यांची थोरली बहीण गोदावरी, जिला सगळे अक्का म्हणत, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घरातलं सोवळंओवळं तिच्या हातात होतं. परसाकडे जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय बुवांना पोथीला हात लावू द्यायची नाही. थंडीच्या दिवसांत बुवा तीनतीनदा न्हायचे. ओठ निळे पडायचे. बायको यशोदाबाई चुलीवर पाण्याचं तपेलं कायम चढतं ठेवायच्या आणि धोतरं वाळत टाकून टाकून त्यांच्या हाताच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

यशोदाबाई बोलायला कमी. मुलगी शकुंतला बार्शीला दिलेली, ती सुखात होती. घरात हे तिघंच. सकाळी नवऱ्याचं तोंड बघून त्यांना कळायचं की आज भात मऊ करायचा की पेज. बुवा कधी चिडले, ताट सरकवून उठले, तरी त्या काही म्हणायच्या नाहीत. ताट झाकून ठेवायच्या.

बुवांनी एकेक गोष्ट सोडली. आधी तिखट सोडलं, मग शेंगाची चटणी, मग भाकरी. सोलापुरात राहून भाकरी सोडणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल. परगावची आमंत्रणं सोडली. बार्शीला लेकीकडे गेले नाहीत, कारण वाटेत काय करायचं. लोकांच्या घरी पूजेला गेले की पहिल्यांदा मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवायचे. तीस साली गावात मार्शल लॉ लागला, संध्याकाळनंतर घराबाहेर पडायला बंदी झाली, देवळातलं पुराणही बंद राहिलं. पेठेत सगळे धास्तावलेले. बुवाही घाबरले होते. पण मनातल्या मनात त्यांना हायसं वाटलं होतं, की आता काही दिवस तरी चारचौघांत बसायला नको. आपल्याला असं वाटावं याची त्यांना लाज वाटली होती.

पेठेतच एकनाथवैद्यांचं घर होतं. वैद्य मोठे मायाळू. त्यांनी कुड्याच्या सालीचा पाक दिला, बेलाचा मुरांबा दिला, एकदा सगळं अन्न तोडून नुसत्या ताकावर ठेवलं. त्या ताकाने बुवांना खरंच उतार पडला होता. जवळजवळ पावसाळाभर ते बरे होते. अंगावर थोडं मांस चढलं होतं. मग दिवाळीत पुन्हा सुरू झालं. वैद्य म्हणाले, "संग्रहणी आहे. चिवट असते." बुवांनी मान हलवली. चिवट असते हे त्यांना सांगायला नको होतं.

तेहेतीस सालच्या चातुर्मासात ती गोष्ट घडली.

देवळात गर्दी होती. व्रतांचं माहात्म्य चाललं होतं. अशा वेळी बुवा घरचंच उदाहरण द्यायचे. "आमच्या घरात बघा," ते म्हणायचे, "सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी. बाकीच्या दिवशी एकभुक्त. आणि दिवसभर काम. तोंडातून शब्द नाही. याला व्रत म्हणतात." बायका मागे वळून यशोदाबाईंकडे बघायच्या आणि यशोदाबाई पदर पुढे ओढून खाली बघायच्या. त्या दिवशीही बुवांनी हे सांगितलं, आणि सांगता सांगताच पोटात पीळ पडला. त्यांनी पुढचे श्लोक भरभर घेतले. कपाळावर घाम आला. समोर शेवटच्या ओळीपर्यंत माणसं बसलेली, उठायचं तर त्यांच्यातून वाट काढत जायचं. आणखी थोडं, आणखी थोडं म्हणता त्यांना आवरलं नाही. आसनावरच झालं.

क्षणभर ते तसेच बसून राहिले. मग पोथी बांधली, खांद्यावरची शाल सोडून कमरेला गुंडाळली, "प्रकृती बरी नाही," एवढंच म्हणाले आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडले. पुढच्या ओळीतल्यांना कळलं असावं. कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं बुवांना घरापर्यंत पाठीवर जाणवत राहिलं.

यशोदाबाई देवळातलं आसन गुंडाळून घेऊन मागोमाग आल्या. त्यांनी पाणी काढून दिलं आणि आसन, शाल, धोतर घेऊन त्या विहिरीवर गेल्या. परत आल्या तेव्हा बुवा भिंतीला टेकून बसले होते.

"मी आता बसणार नाही त्या जागेवर," ते म्हणाले.

"मग काय करायचं?"

"काही नाही करायचं. मला कंटाळा आलाय गं. जेवायचा कंटाळा आलाय, उठायचा कंटाळा आलाय. माणसानं किती दिवस आपल्या पोटाकडेच बघत बसायचं?"

यशोदाबाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. "व्हायचं ते होतं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्यांचा आवाज इतका थकलेला होता की बुवांनी मान वर करून बघितलं. दिव्याच्या उजेडात त्यांना ती फार म्हातारी वाटली. मग त्यांना वाटलं, दिव्यामुळे वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी एकनाथवैद्य स्वतःहून घरी आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. नाडी बघून त्यांनी बुवांचा हात खाली ठेवला. मग म्हणाले, "बुवा, माझ्याकडचं होतं ते मी दिलं. बाळिवेशीजवळ एक नवा डॉक्टर बसतोय. शिवपुत्र त्याचं नाव. अक्कलकोटाकडचा लिंगायताचा मुलगा, मुंबईला शिकून आलाय. त्याच्याकडे बारीकातलं बारीक दाखवणारी दुर्बीण आहे. आत काही बसलं असेल तर त्याला दिसतं म्हणतात. एकदा जाऊन या."

"तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतोय. मला काय, तुम्ही बरे व्हायला हवेत."

डॉक्टर शिवपुत्र तिशीच्या आतला, काळासावळा, बोलायला सरळ. त्याने बुवांना पलंगावर झोपवून पोट दाबून पाहिलं, आणि असं काही विचारलं की बुवांना भिंतीकडे तोंड करून उत्तरं द्यावी लागली. नऊ वर्षांत त्यांना हे इतकं उघड कुणी विचारलं नव्हतं. शेवटी डॉक्टरने रुंद तोंडाची एक काचेची बाटली हातात ठेवली.

"यात आणायचं, बुवा. थोडंसं."

"काय आणायचं?"

डॉक्टरने त्यांच्या पोटाकडे बोट केलं. बुवांना कळलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि ऊन असतानाच आणा," डॉक्टर म्हणाला. "गार झालं की त्यातले जंतू हलायचे थांबतात, मग ओळखायला येत नाहीत. घरून निघालात की थेट इथंच. वाटेत थांबायचं नाही."

ती बाटली दोन दिवस कोनाड्यात पडून होती. अक्काने ती बघितली आणि कशासाठी आहे हे कळल्यावर कोनाडा गोमूत्राने पुसून घेतला. "ज्या हातानं पोथी धरतोस त्या हातानं हे धरणार?" ती म्हणाली. पण तिसऱ्या दिवशी सकाळी इतकं रक्त पडलं की त्यांना घेरी आली. तेव्हा ते बाटली घेऊन निघाले. अंगावर ओवळं धोतर, बाटलीभोवती चिंधी गुंडाळलेली, वरून उपरणं. पेठेत मागांची खटखट सुरू झाली होती. माणसं दारात दात घासत होती. रोजचा एक श्रोता समोरून आला आणि हात जोडून म्हणाला, "बुवा, सकाळी सकाळी? तीर्थ घेऊन कुणाकडं?"

बुवांना थांबायचं नव्हतं. "डॉक्टरकडं," असं म्हणून ते पुढे गेले. उपरण्याखाली ती बाटली हाताला ऊन लागत होती. आपण आजवर जे काही होतो ते सगळं या रस्त्यावर गळून पडतंय असं त्यांना वाटलं. आणि पायांत मात्र कधी नव्हे इतका वेग आला होता.

डॉक्टरने काचेच्या पट्टीवर थेंब घेतला आणि दुर्बिणीत डोळा लावून तो बराच वेळ बसला. मग म्हणाला, "या. बघा तुम्हीच."

बुवांनी वाकून बघितलं. आधी नुसता उजेड दिसला. मग फिकट, आकार नसलेलं काहीतरी दिसलं. ते एका बाजूने किंचित पुढे सरकलं, आणि मग बाकीचं त्याच्या मागे ओढलं गेलं.

"हे हलतंय ते?"

"तेच. आमांशाचे जंतू. आतड्यात घर करून बसलेत. याच्यावर इंजेक्शनं आहेत. रोज एक, आणि घेताना झोपून राहायचं, कारण छातीवर ताण येतो. त्यानंतर गोळ्या."

बुवा स्टुलावर बसले. त्यांना आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. नऊ वर्षं ते याला पूर्वजन्मीचं काही, मनाचा दुबळेपणा, जिभेची खोड असं काय काय समजत आले होते. आणि ते हे होतं. एवढंसं.

"पाणी उकळून प्यायचं," डॉक्टर सांगत होता. "कच्चं काही खायचं नाही. तुमची विहीर संडासापासून किती लांब आहे?"

बुवांनी सांगितलं. डॉक्टरने मान हलवली. "घरात आणखी कुणाला त्रास आहे?"

"कुणाला नाही. अक्का तर खडखडीत आहे. आणि मंडळींचं पोट म्हणजे लोखंड."

"विचारून बघा," डॉक्टर म्हणाला.

ते विचारायचं म्हणून विचारलं नाही. जेवताना बोलण्याच्या ओघात बुवांनी सांगितलं. इतक्या वर्षांनी दुखण्याला नाव मिळालं होतं, त्यामुळे ते जरा जास्त बोलत होते. "आणि मला विचारतो कसा, घरात आणखी कुणाला आहे का. म्हटलं, आमच्या घरात मी एकटाच असला भाग्यवान."

यशोदाबाई ताक वाढत होत्या. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"आहे की," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"मला."

बुवांना वाटलं, हिला कळलं नाही. "तसं नव्हे. त्यानं विचारलं ते रोजचं, आव पडणं, रक्त..."

"तेच म्हणते मी."

"कधीपासून?"

"इकडं सुरू झालं त्याच सालच्या पावसाळ्यापासून. तेव्हा शकूचं लग्न व्हायचं होतं."

बुवांच्या हातातला घास तसाच राहिला. "आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं?" यशोदाबाईंचा आवाज चढला नाही. "इकडचंच एवढं चाललेलं. संडास एक. त्यात मी आणखी जाऊन बसले असते तर घरातल्या बायका काय म्हणाल्या असत्या? उजाडायच्या आत जाऊन येते. मग दिवे लागल्यावर. मधे आलंच तर दम धरते. पोटात काही नसलं म्हणजे धरवतो."

ती शेवटची गोष्ट बुवांना लगेच कळली नाही. कळली तेव्हा ते ताटावरून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. सोमवार, गुरुवार, शनिवार. एकादशी. बाकीच्या दिवशी एकभुक्त. देवळात ते हे किती वर्षं सांगत आले होते, आणि ती पदर ओढून खाली बघत आली होती. त्यांना तो विनय वाटला होता.

थोड्या वेळाने ते आत आले. यशोदाबाई उष्टं काढत होत्या.

"उद्या तुझंही तपासायचं," ते म्हणाले.

"मी नाही जायची. असलं दाखवायला? परक्या पुरुषाला?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बरोबर आहे तिचं. बाईमाणसाचं काही झाकून असतं का नाही? तुझं ठीक आहे, तू पुरुष. उद्या पेठेत तोंड कसं दाखवेल ती?"

"तिनं जायला नको. मी नेतो."

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"तू नेणार?" अक्का म्हणाली.

"माझं नेलं की नाही? तसंच."

"गंगाधरा, अरे बायकोचं..."

"अक्का, नऊ वर्षं तिनं माझी धोतरं धुतली. तेव्हा तू एकदा तरी म्हणालीस का, की नवऱ्याचं कसं धुवावं?"

अक्का आत वळली. यशोदाबाई मात्र अजून नाही म्हणत होत्या. त्या नाहीमध्ये लाज होती तसा थकवाही होता. आता हे नवीन काही करायचं, कुणाला सांगायचं, कुणाची वाट बघायची, यासाठी लागतं ते बळच त्यांच्यात उरलं नव्हतं. "चाललंय ते चालू दे," त्या दोनतीनदा म्हणाल्या. बुवांनी हट्ट सोडला नाही. स्वतःच्या दुखण्यासाठी ते इतकं कधी भांडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्या गेल्या. बुवा अंगणात संडासाकडे पाठ करून उभे राहिले. शेजारची गुरम्मा घागर घेऊन आली आणि बुवांना तिथे असं उभं बघून परत फिरली. बऱ्याच वेळाने बिजागरी कुरकुरली. यशोदाबाईंनी बाटली पदराखाली धरली होती. देताना त्यांचा हात मागे आला.

"दे," बुवा म्हणाले.

त्यांनी दिली आणि तोंड फिरवलं. बुवांनी बाटली उपरण्यात घेतली आणि ते झपाझप निघाले. या वेळी रस्त्यात माणसं जास्त होती. नळावर त्यांच्याच श्रोत्या बायकांची रांग होती. त्यांच्यातली चिमाबाई मोठ्याने म्हणाली, "बुवा, परत डॉक्टरकडं का? बरं न्हाय का वाटत?"

"माझं नाही," बुवा चालता चालताच म्हणाले. "आमच्या मंडळींचं आहे. तपासायला नेतोय."

मागे नळाखालची घागर भरून वाहायला लागल्याचा आवाज आला. बुवांनी वळून पाहिलं नाही. ऊन असताना पोचायचं होतं.

डॉक्टरला दुर्बिणीला डोळा लावून फार वेळ बसावं लागलं नाही. "बुवा, तुमच्यापेक्षा जास्त आहे," तो म्हणाला. दुपारी तो घरी आला. मधे पडदा धरून, अक्काला जवळ बसवून त्याने यशोदाबाईंचं पोट तपासलं. उजव्या बाजूला बरगडीखाली हात लावल्याबरोबर त्या कळवळल्या. यकृताला सूज होती. "आणखी वर्षभर असंच काढलं असतं तर हाताबाहेर गेलं असतं," तो बाहेर येऊन बुवांना म्हणाला. "आधी यांची इंजेक्शनं. आणि पडून राहायचं. उठून कामाला लागायचं नाही. हे तुम्ही बघायचं."

लग्न होऊन आल्यापासून यशोदाबाई दिवसाउजेडी आडव्या झाल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी इंजेक्शन घेतल्यावर त्या दोनदा उठल्या, दोनदा बुवांनी परत झोपवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले ते दिवे लागेपर्यंत उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच. औषधाने मळमळायचं, दंड सुजायचा, अंगात ताकद म्हणून राहायची नाही. पण पोटातला पीळ सैल होत गेला. आणि त्या झोपत राहिल्या. वाटीभर पेज घ्यायच्या आणि परत झोपायच्या. अक्का एकदा घाबरून त्यांच्या नाकाशी हात धरून बसली होती.

पाणी बुवा काढायचे. उकळायचं अक्का. उकळलेल्या पाण्याला चव नाही, सरपण किती जातंय, हे डॉक्टर म्हणजे नवीन शहाणे, असं ती रोज बोलायची आणि रोज हंडा भरून पाणी उकळून गाळून ठेवायची. अंघोळीचा नियम तिने आपणहून मोडला. यशोदाबाई परसाकडे जाऊन भिंतीला धरत धरत आल्या आणि सवयीने न्हाणीकडे वळल्या, तेव्हा अक्का म्हणाली, "राहू दे. हातपाय धू आणि पड जाऊन. आजारी माणसाला विटाळ नसतो." असं कुठे लिहिलंय हे तिला कुणी विचारलं नाही.

यशोदाबाईंनंतर बुवांची पाळी झाली. मग दोघांच्या गोळ्या. बुवांना महिनाभरात फरक पडला. यशोदाबाईंना जास्त वेळ लागला. एका दुपारी त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मला भूक लागलीय." मग जरा थांबून, "भूक लागली की भीती वाटायची. आज वाटली नाही." आत जाऊन बुवांनी स्वतःच्या हाताने भातावर तूप घालून आणलं. तूप जास्त झालं होतं. यशोदाबाईंनी त्यातलं थोडंच खाल्लं.

अगदी पहिल्यासारखं कुणाचंच झालं नाही, हे सांगायला हवं. आतडी नऊ वर्षं सोसत होती. बुवांना जागरण झालं, चिंता झाली की पोट अजून कुरकुरायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा गोळ्या घ्याव्या लागल्या. यशोदाबाईंची उजवी कूस थंडीत दुखायची. पण रक्त गेलं ते गेलं.

बुवा पुन्हा देवळात बसायला लागले. ज्या जागी तसं झालं तिथेच बसायचं, म्हणून पहिल्या दिवशी ते बाहेर पायरीशी थोडं थांबले होते. श्रोते थोडे कमी झाले होते. पोथी पुढे सरकत गेली, व्रतांचा भाग आला, बुवांनी तो वाचला, अर्थ सांगितला आणि पुढे गेले. शेवटी एक म्हातारी बाई म्हणाली, "बुवा, या वेळी वहिनींच्या उपासांचं नाही सांगितलंत?"

बुवांनी पोथीवर हात ठेवला. "ते उपास नव्हते," ते म्हणाले. "ती आजारी होती. मला माहीत नव्हतं."

मग त्यांनी आरतीला सुरुवात केली. त्या आठवड्यात दुपारच्या वेळी पेठेतल्या दोघी बायका, एक एका दिवशी आणि दुसरी दुसऱ्या, यशोदाबाईंकडे येऊन बसल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या आणि निघताना हळूच विचारलं, तो डॉक्टर बाळिवेशीत नेमका कुठे बसतो. यशोदाबाईंनी सांगितलं. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.

पौषात वळसंगचा धोंडीराम, बुवांचा जुना यजमान, गाडी घेऊन दारात आला. शेतात हुरडा लागला होता. तो दर साली बोलवायचा आणि दर साली बुवा काहीतरी कारण सांगायचे. या वेळी ते आत बघायला लागले.

"बघता काय, चला की," धोंडीराम म्हणाला. "वैनी, तुमीबी चला. लई ग्वाड हाय औंदा. पानी उकळून घिऊन चला पायजे तर, मला ठावं हाय तुमचं."

दोघंही गेली. बांधावर आगटी पेटवली होती, कणसं भाजून हातावर चोळून मिळत होती. बुवांनी चवीपुरता चिमूटभर घेतला. यशोदाबाईंनी मूठभर खाल्ला, मग आणखी अर्धी मूठ. खाऊन झाल्यावर त्या पोटावर हात ठेवून बसल्या. बुवा त्यांच्याकडे बघत राहिले. धोंडीरामची बायको मुक्ताबाई म्हणाली, "काय झालं, वैनी?"

"काही नाही," यशोदाबाई म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "काही नाही."

परत येताना गाडीत कडबा पसरला होता. सोलापूरच्या गिरण्यांच्या चिमण्या लांबून दिसायला लागल्या तेव्हा यशोदाबाई बसल्याबसल्याच झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हाताला राख लागलेली. गाडी खड्ड्यातून गेली की डोकं बुवांच्या खांद्यावर आदळायचं. भर रस्त्यात, धोंडीरामच्या समोर. बुवा संकोचले, पण हलले नाहीत. धोंडीरामला त्यांनी बैल जरा सावकाश हाकायला सांगितलं.